मोटारीच्या दाराची बिजागरी (झीज व दुरुस्ती)

मोटारीचे दार गाडीच्या सांगाड्यातल्या उभ्या खांबाला दोन बिजागऱ्यांवर टांगलेले असते. प्रत्येक बिजागरीत एक पोलादी पिन आणि ती ज्यात फिरते तो बुश असतो. जुन्या गाड्यांत बहुधा पितळी. बुश पिनेपेक्षा मऊ असल्याने आधी तोच झिजतो. मग दार लॉकच्या बाजूने खाली येते. गॅरेजमध्ये याला ‘दार लोंबले’ म्हणतात.

दोन बिजागऱ्यांचे काम सारखे नसते. वरची खांबापासून सुटू पाहते, खालची खांबात दाबली जाते. समजा दार २४ किलोचे आहे, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ५० सेंमीवर आहे आणि बिजागऱ्यांत ४० सेंमी अंतर आहे. तर वरच्या बिजागरीवर आडवी ओढ येते ३० किलोची. उघड्या दाराच्या कडेवर भार देऊन कोणी उठले आणि २० किलो टाकले, तर मीटरभर रुंद दारात आणखी ५० किलोंची भर पडते. झीजही अशीच वाढून दिसते: दोन्ही बुशांत मिळून १ मिमी ढिलाई आली, की लॉकपाशी दार अडीच मिमी खाली उतरते.

मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत मागचे डावे दार सर्वांत राबलेले असायचे, कारण उतारू फुटपाथच्या बाजूनेच चढायचे-उतरायचे. ‘नीट लागलं नाही, परत लावा’ म्हटले की दार आणखी जोरात आपटले जाई, आणि उरलासुरला बुशही जाई.

तपासणी सोपी आहे. दार अर्धे उघडून मागच्या कडेला धरून वर-खाली हलवावे आणि दुसऱ्याने बिजागरीकडे पाहावे. पिन बुशात हलताना दिसते, कधी ‘टक्’ असा आवाजही येतो. दार बंद करताना ते स्ट्रायकरवर (लॉक ज्यात अडकते त्या खांबावरच्या खुंटीवर) चढून उचलले जाते, म्हणून बंद दाराच्या फटी पाहून फसायला होते. स्ट्रायकर काढून दार हलके लावले, की खरी उतरण समजते. स्ट्रायकर खाली सरकवून दार ‘लावून देणे’ ही दुरुस्ती नव्हे, झाकपाक आहे.

दुरुस्तीत दाराखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावतात, स्टॉपर (दार जास्त उघडू न देणारी पट्टी) सोडवतात आणि पंचने पिन ठोकून काढतात. एका वेळी एकच बिजागरी उघडावी, म्हणजे दाराची जागा हलत नाही. बोल्टवर बसवलेली बिजागरी सोडण्यापूर्वी तिच्याभोवती खुणेची रेघ मारून ठेवतात. वेल्ड केलेल्या बिजागरीत फक्त पिन-बुशच बदलणे सोयीचे. तयार सुटा भाग मिळत नसेल, तर लेथवाला बुश टर्न करून देतो. भोकच लंबगोल झाले असेल, तर ते रीम करून, म्हणजे कापून पुन्हा गोल व मोठे करून, जाड पिन घालतात. दोन्ही पिना एका सरळ रेषेत बसल्या नाहीत, तर दार जड फिरते आणि नवे बुशही लवकर खाते. जुन्या गाडीत लाकडाचा ठोकळा अडकवून दार दाबून ‘वर घेण्याची’ पद्धत आहे. त्याने बिजागरी वाकते, झीज मात्र तशीच राहते.

पिन-बुश नवे घालूनही दार हलतच असेल, तर बिजागरीलगत खांबाच्या पत्र्यावर बोट ठेवून दार वर-खाली करावे. पत्रा आत-बाहेर होत असेल, तर तो गंजून फाटला आहे. मग पुढचे काम डेंटरचे.