पार्श्वभूमी: सूर्याची रेडिओ खरखर आणि आघात लहरी

फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रिटिश लष्कराच्या रडारवर प्रचंड खरखर सुरू झाली. शत्रूच रडार निकामी करू पाहतोय, असा पहिला संशय. भौतिकशास्त्रज्ञ जे. एस. हे (Hey) यांनी दिशा तपासली, तर खरखर सूर्याकडून येत होती आणि सूर्यावर तेव्हा मोठा डागसमूह होता. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे हा शोध 1946 मध्ये छापून आला.

खरा धागा मात्र ऑस्ट्रेलियात हाती लागला. 8 मार्च 1947 रोजी रुबी पेन-स्कॉट, डोनाल्ड याबस्ली आणि जॉन बोल्टन यांना सूर्याचा एक रेडिओ स्फोट आधी 200 मेगाहर्ट्झवर, मग 100 वर आणि शेवटी 60 वर मिळाला, दरवेळी काही मिनिटांनी उशिरा. सूर्याभोवतीचा प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेला वायू, अशा स्फोटात स्वतःच्या वारंवारतेवर रेडिओ किरणं सोडतो, आणि ही वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमुळावर ठरते; 100 मेगाहर्ट्झसाठी दर घन सेंटिमीटरमध्ये साधारण 12 कोटी इलेक्ट्रॉन लागतात. सूर्यापासून दूर जावं तसा प्रभामंडल (सूर्याचं बाहेरचं वातावरण) विरळ होतो. तेव्हा वारंवारता उतरतेय याचा अर्थ काहीतरी सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर निघालंय. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर इतकं मोठं अनुमान क्वचितच निघतं.

1950 मध्ये पॉल वाइल्ड आणि मॅक्रेडी यांनी वर्णपटलेखकाच्या (अनेक वारंवारता एकाच वेळी नोंदणाऱ्या यंत्राच्या) मदतीने स्फोटांचे प्रकार पाडले. झपाट्याने उतरणारा तो टाइप थ्री, संथपणे उतरणारा टाइप टू. टाइप थ्रीमागे वेगवान इलेक्ट्रॉनांचे झोत असतात. टाइप टूमागच्या हालचालीचा वेग मात्र प्रभामंडलातल्या अल्फवेन वेगाहून (चुंबकीय प्लाझ्मात लहरी ज्या वेगाने पसरतात त्याहून) जास्त भरत होता, आणि अशा हालचालीपुढे आघात लहर, म्हणजे दाब व घनतेची अचानक उडी घेणारी लहर, उठतेच. युचिदा यांनी 1960 मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं. लहर स्वतः रेडिओ किरणं सोडत नाही, हे इथे विसरता कामा नये. ती इलेक्ट्रॉनांना वेग देते, ते प्लाझ्मात लांगम्युर लहरी (इलेक्ट्रॉनांची सामूहिक आंदोलनं) उठवतात, आणि त्यांतून प्लाझ्माच्या मूळ वारंवारतेवर व तिच्या दुपटीवर रेडिओ किरणं निघतात. या रूपांतराचा सिद्धांत गिन्झबर्ग आणि झेलेझ्नियाकोव्ह यांनी 1958 मध्येच मांडला होता.

लहरीला ढकलतं कोण, सौरज्वाला की प्रभामंडलातून उसळणारा वस्तुमानाचा लोट, हा वाद सूर्यालगतच्या स्फोटांबाबत दीर्घकाळ रेंगाळला. सूर्यापासून दूर, ग्रहांमधल्या अंतराळात होणाऱ्या टाइप टू स्फोटांच्या बाबतीत मात्र लोटाचंच पारडं जड आहे. त्यांची वारंवारता इतकी कमी असते की आयनांबर (पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) त्या रेडिओ लहरी जमिनीवर पोचूच देत नाही. यानच पाठवावं लागतं. 26 ऑगस्ट 1998 रोजी ‘विंड’ यान अशाच एका स्फोटाच्या उगमातून गेलं, आणि आघात लहरीच्या पुढ्यात इलेक्ट्रॉनांचे झोत व लांगम्युर लहरी दोन्ही थेट नोंदले गेले.