चोवीस घोड्यांपैकी ओढतात किती?

मोशीच्या किसान प्रदर्शनात ट्रॅक्टरच्या मंडपात गर्दी होते ती बोनेटभोवती. लोक सीटवर बसून बघतात, स्टिअरिंग फिरवून बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "किती एचपी?" माझे मामा मात्र हातात वेळूची काठी घेऊन आले होते. जुन्नर तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे, आठ फुटांवरच्या ओळींची. दोन्हीकडचे बोद (वेलींच्या बुडाशी मातीचे केलेले उंचवटे) सोडून मधे जेवढं मोकळं रान उरतं, बरोबर तेवढ्या मापाची ती काठी. प्रत्येक छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर ते ती आडवी धरत, मान हलवत आणि पुढे सरकत. शेवटी एका चोवीस एचपीच्या ट्रॅक्टरपाशी थांबून मला म्हणाले, "अगं, हा बसतोय बागेत. पण तू मशिनवाली इंजिनिअर ना? मग चोवीस एचपी म्हणजे माझ्या रानात नेमकं काय मिळणार, ते सांग."

मामांना तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तरासाठी.

आधी हे ट्रॅक्टर आले कुठून ते बघू. लहान, हलका, चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर जपानच्या भातखाचरांत वाढला. चिखलात रुतू नये म्हणून वजन कमी आणि खाचरं लहान म्हणून आकार कमी. १९६९ मध्ये कुबोटा या जपानी कंपनीने २१ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर अमेरिकेत नेला. तिथल्या मालकांनी त्याला गवत कापायला, पुढे खोरं लावून माती उचलायला आणि बर्फ लोटायला जुंपलं. आपल्याकडे तेच यंत्र द्राक्ष, डाळिंब, अंजिराच्या बागांत आणि उसाच्या सरीत शिरलं. म्हणजे यंत्र साधारण एकच, पण मालकाची गरज प्रत्येक देशात वेगळी. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. एवढ्या क्षेत्राला मोठा ट्रॅक्टर घेऊन तो वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये उभा ठेवायचा, यात मला शहाणपण दिसत नाही. पण छोटा घेताना तो कशासाठी छोटा आहे, हे कळायला हवं.

आता चोवीस घोडे. बोनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. गिअरबॉक्समधून मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत, म्हणजे पीटीओपर्यंत येईतो त्यातले साधारण वीस उरतात. ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) किंवा रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) या दांड्यावर चालतो, म्हणून तिथे तुम्हाला जवळजवळ पूर्ण ताकद मिळते. ओढायचं काम आलं, की हिशोब पार बदलतो.

ओढताना जोर लावतं ते चाक, आणि चाकाला पकड मिळते ती मातीवर पडलेल्या वजनातून. बऱ्यापैकी घट्ट रानात, चारही चाकांना जोर असेल तर ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या साधारण निम्म्याइतकं ओढू शकतो. ८०० किलोचा ट्रॅक्टर आणि वर ७० किलोचा माणूस धरला, तर ही ओढ भरते ४३० किलोच्या आसपास. नांगरताना वेग असतो तासाला चारेक किलोमीटर. ओढ गुणिले वेग केलं की उत्तर येतं सव्वासहा अश्वशक्ती. चोवीसपैकी सहा! बाकीचे घोडे इंजिनात तयार उभे आहेत, पण मातीला धरायला त्यांच्या पायात बळ नाही. अजून रेटा दिला तर चाकं जागच्या जागी फिरतात आणि डिझेल टायर झिजवण्यात जातं. फक्त मागच्या चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या धुरीवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन ओढायला कामीच येत नाही, त्यामुळे हा आकडा आणखी खाली येतो.

दुसऱ्या बाजूला माती किती अडते ते बघा. भारी काळ्या मातीत नांगराच्या तासाच्या, म्हणजे नांगराने पडणाऱ्या चरीच्या, छेदाला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या किलोच्या वर ओढ लागते. तास २५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल धरला, तर छेद होतो ५०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका फाळालाच अडीचशे-तीनशे किलो. हा छोटा ट्रॅक्टर एक फाळ ओढेल, दोन नाही. ज्याला दरवर्षी चार-पाच एकर भारी जमीन खोल नांगरायची आहे, त्याने नांगरटीपुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलवावा. मला तरी तेच बरं वाटतं.

रोटरचं गणित उलटं आहे. त्याची पाती पीटीओवर फिरतात आणि माती मागे फेकताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. चाकाला फारसं ओढावंच लागत नाही. त्यामुळे तोच हलका ट्रॅक्टर, जो नांगराला हात टेकतो, तीन-साडेतीन फुटी रोटर दिवसभर आरामात चालवतो. उसाच्या बांधणीतही हेच. बारामती, इंदापूरकडे साडेचार फुटी सरीत मीटरभर रुंदीचा ट्रॅक्टर घातला, की दोन्ही अंगांना अठरा-अठरा सेंटिमीटर मोकळे राहतात. नवख्या चालकाला ते कमी वाटतात, सरावलेल्याला पुरतात. रोटर मात्र चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडा रुंद हवा, नाहीतर मागे चाकोरी तशीच दाबलेली राहते.

मामांचं खरं काम फवारणीचं. ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट निघाली आणि परतीचा पाऊस आला, की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. रान सुकून वाफशावर येण्याची वाट तो बघत नाही. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला आठवड्याला येतो, पण त्याप्रमाणे फवारायला ओल्या रानात ट्रॅक्टर घालावाच लागतो. इथे आपण ज्याला हलकेपणाचा दोष म्हणत होतो, तोच गुण होतो. ओल्या काळ्या मातीत दाब पडला की मातीतली हवेची पोकळी मिटते, मुळं गुदमरतात. वरच्या थराची दाबणी मुख्यतः टायरच्या हवेवर अवलंबून असते. हवा कमी, तर टायर जास्त पसरतो आणि दाब वाटला जातो. खोलवरची दाबणी ठरते ती धुरीवरच्या एकूण वजनाने. तिथे टायर रुंद करूनही फारसं भागत नाही, वजनच कमी लागतं.

पण बहुतेक वेळा विसरली जाते ती एक गोष्ट. ओढत न्यायच्या ६०० लिटरच्या ब्लोअरचं वजन पाण्यासकट ट्रॅक्टरच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त भरतं. ट्रॅक्टर निवडताना किलो-किलोचा विचार करायचा आणि मागे तेवढाच बोजा दोन अरुंद चाकांवर लादायचा, यात बागेचं भलं नाही. पावसाळी दिवसांत टाकी अर्धी भरून दोन फेऱ्या माराव्यात, असं मी मामांना आग्रहाने सांगितलं. शिवाय चाकोरी बदलू नये. मातीची सर्वांत जास्त दाबणी पहिल्याच फेरीत होते. पुढच्या फेऱ्या त्याच चाकोरीतून गेल्या, तर निदान बाकीचं रान वाचतं.

मग लिफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या उचलणाऱ्या हातांवर, उचलायचा ब्लोअर घ्यावा का? पत्रकात लिहिलेलं असतं, लिफ्टची ताकद ७५० किलो. ४०० लिटर पाणी आणि दीडशे किलोचं यंत्र मिळून ५५० किलो, म्हणजे चाललंच पाहिजे असं वाटतं. लिफ्ट ते उचलेलही. प्रश्न ट्रॅक्टरच्या तोंडाचा आहे. ८०० किलोच्या ट्रॅक्टरचे साधारण ४० टक्के, म्हणजे ३२० किलो पुढच्या चाकांवर असतात. पुढच्या-मागच्या चाकांत दीड मीटर अंतर आणि ब्लोअरचा भार मागच्या धुरीपासून ९० सेंटिमीटर मागे, असं धरा. मागची धुरी तराजूचा काटा होते. ५५० किलो पुढच्या चाकांवरून ३३० किलो वजन उचलून घेतात. पुढे होते ३२०. म्हणजे सपाटीवर उभ्या उभ्या ट्रॅक्टर तोंड वर करणार आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होणार नाही. बांध चढताना काय होईल ते सांगायला नको.

२०० लिटरच्या टाकीचा ब्लोअर यंत्रासह ३२० किलो धरला, तर पुढे १२८ किलो उरतात. स्टिअरिंग ताब्यात राहायला पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचे निदान २० टक्के, इथे १६० किलो, हवेत. म्हणजे पुढे तीस-चाळीस किलोची वजनं लावायची. ती वजनं शोभेची नसतात. दुकानदार ती वेगळे पैसे लावून देतो म्हणून अनेक जण नको म्हणतात, ते मला फार टोचतं.

ब्लोअरच्या पंख्यात एक निसर्गनियम दडलेला आहे, तो प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असावा. पंख्याचा वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात घटते, पण लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात घटते. पीटीओचे ५४० फेरे १० टक्क्यांनी कमी केले, तर हवा १० टक्के कमी मिळते आणि ताकद मात्र २७ टक्के कमी लागते. छाटणीनंतर पहिल्या काही आठवड्यांत वेलीवर पानं थोडीच असतात. तेव्हा पूर्ण जोराची हवा औषध पानांपलीकडे उडवून नेते. त्या दिवसांत पंखा हळू चालवला, तर डिझेलही वाचतं आणि औषधही. पंपाचा दाब रेग्युलेटरवर वेगळा राखता येतो. काही ट्रॅक्टरांत इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून पीटीओचे ५४० फेरे मिळवायची सोय असते. फवारणीचं काम जास्त असेल, तर मी ती सोय मागून घेईन.

वळणाची गोष्ट मामांना माझ्याआधीच कळली होती. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. एका ओळीतून निघून लगेच शेजारच्या ओळीत शिरायचं, तर वळणाची त्रिज्या सव्वा मीटर लागते, आणि तेवढ्यात कोणताच चारचाकी ट्रॅक्टर वळत नाही. एक ओळ सोडून शिरलं, तर २.४४ मीटरची त्रिज्या पुरते, आणि ते छोट्या ट्रॅक्टरला जमतं. पण ओळीच्या टोकाला ताण दिलेल्या तारा असतात. त्या जागा खातात. मागे ओढायचा ब्लोअर असेल तर आणखी. म्हणून बाग लावतानाच टोकाला वळायला जागा ठेवावी. चार-पाच वेली कमी लागल्या तरी हरकत नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते, पण ते गंभीर आहे. द्राक्षाच्या मंडपाखाली जायचं म्हणून चालकामागची संरक्षक कमान मोडून खाली घेता येते. बागेतून बाहेर आल्यावर ती पुन्हा उभी करायला हवी. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचा, खाली असेल तर बांधायचा नाही. ट्रॅक्टर उलटला तर कमानीशिवाय पट्ट्याने बांधलेला माणूस त्याखाली अडकतो.

आणि ट्रॉली. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात जायचं, तर हा ट्रॅक्टर तीन टनांची ट्रॉली सपाट रस्त्यावर ओढतो, म्हणून लोकांना धीर येतो. उतारावर ती ट्रॉली त्यालाच ढकलते. बारा फुटांना एक फूट उतार असेल, तर तीन टनांचा रेटा अडीचशे किलो होतो, आणि समोर आठशे किलोचं यंत्र, ज्याचे ब्रेक साधारणपणे मागच्याच चाकांना असतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर एवढा माल छोट्या ट्रॅक्टरमागे लावू नये. फोर व्हील ड्राइव्हचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर काढून ठेवावा. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात. मऊ रानात तो फरक माती सोसते, डांबरावर टायर आणि गिअर सोसतात. अवघड उतारावर मात्र तोच दांडा टाकला, तर ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो.

पुण्याच्या आसपास ट्रॅक्टर आपल्याच अंगणात बनतात. सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने बागेसाठी अरुंद ट्रॅक्टर काढले होते, पण २०२४ मध्ये शेती ट्रॅक्टरचा व्यवसाय थांबवला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महिंद्राने जपानी भागीदारासोबत घडवलेली ओजा मालिका आणली, तीही हलकी आणि चारही चाकांना जोर देणारी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पर्याय वाढले, किंमत थोडी उतरली, हे चांगलंच झालं. तरी सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का, हे मी किमतीआधी विचारेन. फवारणीच्या ऐन दिवसांत चार दिवस भाग आला नाही, तर त्या चार दिवसांत डाऊनी घडापर्यंत पोचलेला असतो.

मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवरची खरी ताकद, चाकं किती घसरल्यावर किती ओढ मिळाली, लिफ्टने प्रत्यक्षात किती उचललं, वळणाची त्रिज्या किती आणि चालकाच्या कानाशी आवाज किती, हे सगळं मोजून लिहिलेलं असतं. रंगीत पत्रकापेक्षा तो अहवाल मागावा.

परवा मामांचा फोन आला. काठी गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवली आहे आणि तिच्यावर आता खडूने तीन आकडे लिहिलेत, पुढच्या चाकांवरचं वजन, पीटीओची ताकद आणि वळणाची त्रिज्या. दोन दुकानदारांना त्यांनी सांगितलंय, की ट्रायल द्यायची असेल तर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी या, टाकी भरून आणा, आणि खालच्या काळ्या पट्टीत चालवून दाखवा. एक जण हो म्हणालाय.