इन्शुलिन तयार असूनही थांबावं का लागतं?

आमच्या फार्मसीच्या काउंटरवर सगळ्यात जास्त कुरबूर होते ती इन्शुलिनवरून. ‘डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन पाठवलंय, औषध तुमच्या फ्रिजमध्ये आहे, मग देत का नाही?’ बहुतेक वेळा प्रिस्क्रिप्शनवर रोजचे युनिट्स नसतात, नुसतं ‘यूज ॲज डायरेक्टेड’, म्हणजे ‘सांगितल्याप्रमाणे वापरा’, असतं.

बॉक्समध्ये पाच पेन, प्रत्येकात 300 युनिट्स, म्हणजे 1500. रोज एकदा 40, शिवाय सुई तपासताना वाया जाणारे 2 धरले तर बॉक्स 35 दिवस पुरतो. दिवसांचा हा आकडा आम्हाला बिलात भरावाच लागतो. डॉक्टरांनी फोनवर डोस 60 केला आणि आम्हाला कुणी कळवलं नाही, तर बॉक्स 24 दिवसांतच संपतो. बिलात 35 दिवस लिहिलेले असल्यामुळे विमा त्याआधी रिफिल, म्हणजे पुढचा बॉक्स, नाकारतो, आणि बोलणी आम्ही खातो. आकडा अंदाजाने टाकला, तर पुढे कधीतरी पीबीएमचे, म्हणजे विम्याच्या वतीने औषधांची बिलं चुकती करणाऱ्या कंपनीचे, ऑडिटर येतात आणि नुसता फरक नव्हे, अख्ख्या बॉक्सचे पैसे परत मागू शकतात. इन्शुलिन तर तोवर टोचून झालेलं असतं!

‘पण कायदा आहे ना?’ आहे. अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्याने 2006 मध्येच ‘फार्मसी ऑडिट बिल ऑफ राइट्स’, म्हणजे ऑडिटच्या वेळी फार्मसीचे हक्क जपणारा कायदा, केला. टायपिंगची किंवा नोंदीची चूक म्हणजे लगेच फसवणूक ठरत नाही. चार बिलांतली चूक चारशे बिलांना लावून वसुली करता येत नाही. महिन्याचे पहिले सात दिवस दुकानात गर्दी असते, तेव्हा आमच्या संमतीशिवाय ऑडिट सुरू करता येत नाही. डॉक्टरांच्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. आमच्यासारख्या छोट्या दुकानाला हा मोठाच आधार. पण डोस कुठे लिहिलेलाच नसेल तर पुरावा आणायचा कुठून? म्हणून डॉक्टरांना फोन आधी. मोठ्या साखळी दुकानांतही हेच करावं लागतं. फक्त कारण समजावून सांगायला तिथे कुणाला सवड नसते.

तेव्हा क्लिनिकमधून निघण्याआधी ‘दिवसाला जास्तीत जास्त किती युनिट्स’ हे लिहून घ्या. साखर बघून डोस ठरत असेल तर नक्कीच. मलम आणि डोळ्यांच्या थेंबांचंही तेच: किती थेंब, किती वेळा, एक डोळा की दोन्ही. डोस बदलला तर त्याच दिवशी आम्हाला कळवा. औषध न्यायला मुलाला पाठवलंत तर त्याने स्वतःची सही करावी, तुमची नव्हे.

महिन्यात चार फेऱ्या होत असतील तर सगळी औषधं एकाच तारखेला लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरपोच हवं असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा. इन्शुलिन थंड पिशवीतून येईल. सही करायला घरी कुणीतरी मोठं माणूस हवं.