लेकराच्या अंगावर पुरळ उठलंय? लॅबमध्ये येण्याआधी एवढं वाचा

‘रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग हे फोड कसले?’ काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो. उत्तर बहुतेकदा फॉर्मवरच्या ‘चालू औषधे’ या रकान्यात दडलेलं असतं, आणि तो रकाना कोरा असतो.

लेकरू एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर असेल तर आम्हाला सांगा. गोवर-कांजण्यांची नेहमीची रक्ततपासणी अँटिबॉडी, म्हणजे आजाराशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं शोधते. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असलेल्या मुलाच्या अंगात त्या कमी बनतात, उशिरा बनतात. म्हणून त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी आजार नाही असं धरता येत नाही. (गोवराचं रक्त पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेतलं, तर धडधाकट मुलाचाही रिपोर्ट फसू शकतो.) आधी कळलं तर डॉक्टरांशी बोलून पहिल्याच खेपेला पीसीआरचा (थेट विषाणूच शोधणाऱ्या तपासणीचा) नमुना घेतो: कांजण्या-नागिणीत ताज्या फोडाच्या तळातून, गोवरात घशातून. नाहीतर दुसरी खेप, दुसरे पैसे आणि वाया गेलेले दिवस. कांजण्यांचं औषध तर पहिल्या २४ तासांत सुरू झालेलं उत्तम.

औषधाचं नाव आजीला, मामाला कुठून पाठ असणार? डबीच आणा. अबाकावीर, नेव्हिरापिन, कोट्रायमोक्साझोल यांनीही पुरळ उठतं. तसा संशय आला तर गोळी मनाने बंद करू नका, बंद झालेली मनाने सुरूही करू नका. त्याच दिवशी एआरटी सेंटर गाठा. धाप लागली, लेकरू सुस्त पडलं, तर लॅब राहू द्या, थेट दवाखाना.

माता आली म्हणून निंबाचा पाला अंथरला, आमची हरकत नाही. हळद किंवा लोशन लावताना दोन-तीन ताजे फोड मात्र कोरे ठेवा. खपली धरली तरी या, कांजण्यांची खपलीही पीसीआरला चालते.

पीसीआर महाग पडते, हे खरं. नमुना बाहेरच्या लॅबला बर्फाच्या पेटीतून जातो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. गोवराचा संशय असेल तर सरकारी यंत्रणेकडून तपासणी मोफत होते. आधी तिथे विचारा, आम्हीही तेच सांगू.

रिपोर्ट आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत नाही, यावरून वाद होतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. रिपोर्ट बंद पाकिटात, पालकांच्याच हातात मिळेल.

येण्याआधी फोन करा. बाकावर दुसरी लेकरं बसलेली असतात. यावल-रावेरपर्यंत नमुना घ्यायला आमचा माणूस घरी येतो, गाडीवर लॅबचं नाव नसतं.