फुकट सल्ला देणारं टेबल बंद का पडतं?

कुर्ल्यात आमच्या घराजवळ एका संस्थेचं सल्ला केंद्र होतं. चाळीतली एक खोली, एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. बायका रेशनकार्ड, लाइट बिल, कोर्टाचं समन्स सगळं एकाच कॅरीबॅगेत कोंबून आणायच्या आणि तिथल्या ताई एकेक कागद उलगडून वाचून दाखवायच्या. फंड संपला, खोली सुटली.

हे आजचं नाही. 1953 ला केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं, दुर्गाबाई देशमुख पहिल्या अध्यक्षा, आणि पुढे 80 च्या दशकात याच मंडळाच्या पैशावर संस्थांनी कुटुंब सल्ला केंद्रं चालवली. 1984 ला टाटा इन्स्टिट्यूटने, म्हणजे आपल्या टिसने, मुंबई पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, म्हणजे पोलिसांच्याच जागेत छळ सोसणाऱ्यांना मदत आणि सल्ला. मग 2000 साली बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' हे सल्ला केंद्र, पालिका आणि आरोग्यावर काम करणारी सेहत संस्था मिळून. मला ही कल्पना आजही फार मोलाची वाटते, कारण मार खाल्लेली बाई पोलिसात जायला घाबरते पण जखमेला टाके घालायला हॉस्पिटलात येतेच, "जिन्यावरून पडले" म्हणते, आणि तिथे नर्सला शिकवलेलं असतं की हिला नुसती मलमपट्टी करून सोडायची नाही, आधी दिलासाच्या खोलीत न्यायचं.

स्पेशल सेल आणि दिलासा टिकले कारण सरकारने आणि पालिकेने ते पुढे आपले मानले. बाकीच्या संस्था प्रोजेक्टवर जगतात, दोन-तीन वर्षं पैसे, मग परत अर्ज. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा आला पण त्याला फोटो काढता येईल असं काम हवं असतं, टॉयलेट, कॉम्प्युटर वगैरे, कागद वाचून दाखवण्याचा काय फोटो काढणार? त्यात 2020 च्या कायद्याने मोठ्या संस्थेला परदेशी निधी छोट्या संस्थेकडे द्यायची बंदी झाली. 2022 ला समाजकल्याण मंडळच गुंडाळलं. त्याच वर्षी मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली, 227 नगरसेवक माजी झाले आणि निवडणूक थेट जानेवारी 2026 ला, म्हणजे जवळपास चार वर्षं दाखल्यावर सही मागायला हक्काचं माणूसच नव्हतं. ती गर्दी उरल्यासुरल्या संस्थांकडे वळली, पैसे मात्र कोणी वाढवले नाहीत.

रस्त्याला बजेटमध्ये ओळ असते, गटाराला असते. आता नगरसेवक आलेत तर प्रत्येक वॉर्ड ऑफिसात एक पगारी सल्लागार ताई, तिचा पगार पालिकेच्या बजेटमध्ये, एवढं तरी त्यांनी मागावं.