फोन लागत नाही? आधी स्क्रीनवरचा तीन आकडी कोड बघा

नमस्कार मंडळी,

जळगाव, भुसावळ, चोपडा, धुळे इकडच्या आपल्या सगळ्या इंटरनेट फोनवाल्या ग्राहकांसाठी हे पत्रक. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे "भाऊ, फोन लागी नही ऱ्हायना", आता एवढ्यावर आम्ही काय शोधणार, पण कॉल फेल झाला की फोनच्या स्क्रीनवर नाहीतर ॲपच्या कॉल हिस्ट्रीत बहुतेक वेळा एक तीन आकडी कोड असतो, तो कळवला की निम्मं काम तिथंच होतं.

हे कोड आम्ही काढलेले नाहीत. इंटरनेटवर कॉल जोडायचं काम सिप नावाच्या पद्धतीने चालतं, तिचे मुख्य नियम 2002 च्या आरएफसी 3261 (इंटरनेटच्या नियमांचं एक जाहीर कागदपत्र) मधले, आणि कोडची घडण वेबसाईटसारखीच, म्हणून 404 ओळखीचा वाटतो. पहिला आकडा बघायचा. 1 म्हणजे काम चालूय (180 म्हणजे समोर रिंग वाजतेय), 200 म्हणजे उचलला, 3 म्हणजे कॉल दुसरीकडे वळवलाय. 5 म्हणजे सर्व्हरकडची गडबड, आमची नाहीतर पुढच्या कंपनीची, तुम्ही काही हात लावू नका, फक्त कळवा. एक गोष्ट मात्र आहे, केळीच्या गाड्या भरायच्या टायमाला ऑफिसातले सगळेच एकदम फोनवर असतात, तेव्हा 503 आला तर आमच्याकडे त्याचा अर्थ बऱ्याचदा तुमचे चॅनल (एका वेळी जितके कॉल चालू शकतात तितक्या जागा) भरले एवढाच, एखादा कॉल संपला की लागतो. 603 म्हणजे समोरच्याने नको म्हटलं, उधारीसाठी फोन केला असेल तर त्यावर आमच्याकडे इलाज नाही.

खरी भानगड 4 ची. 486 म्हणजे बिझी, सोडून द्या. 487 म्हणजे उचलायच्या आत तुम्हीच कट केला, ही तक्रारच नाही. 404 किंवा 484 आला तर नंबर तपासा, जळगावात बसून धुळ्याचा लँडलाईन लावताना 02562 राहून जातो. 401 ला घाबरू नका, सर्व्हर आधी पासवर्ड विचारतो तेव्हा तो येतोच, पण 401 मागून 401 येत राहिला तर पासवर्ड चुकलाय, बहुतेक कोणीतरी नवीन मोबाईलमध्ये ॲप टाकताना घोळ केलेला असतो. 403 म्हणजे सर्व्हरला कळलं पण परवानगी नाही, उदाहरणार्थ तुमच्या प्लॅनमध्ये आयएसडी चालू नाही. 408 म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही, आधी नेट बघा, लाईट जाऊन आली असेल तर राउटर नीट चालू झालाय का बघा. लाईट गेल्यावर तुम्हाला फोन करणाऱ्याला 480 पण मिळू शकतो कारण तुमचा फोन सर्व्हरला सापडतच नाही, राउटर आल्यावर फोन परत रजिस्टर होईपर्यंत, म्हणजे सर्व्हरकडे त्याची नोंद होईपर्यंत, थोडा वेळ जातो.

आता एक त्रास असा की त्याला लाल अक्षरात कोडच येत नाही. कॉल लागतो, बोलणं होतं आणि बरोबर 32 सेकंदांच्या आसपास कट, दर वेळी. होतं असं की उचलल्याचा 200 निघतो, त्याची "मिळालं" अशी पोच परत यायला हवी, ती वाटेत हरवते, मग 200 पुन्हा पुन्हा पाठवला जातो आणि 32 सेकंदांनी नाद सोडून कॉल तोडला जातो. यात पहिला संशय राउटरमधल्या सिप एएलजी नावाच्या सेटिंगवर घ्यायचा, ते मदतीला म्हणून दिलेलं असतं पण पत्ते बदलून उलट घोळ घालतं, ते बंद करून राउटर रिस्टार्ट करा. आवाज एकाच बाजूने येत असेल तरी आधी हेच करून बघा. सापडलं नाही तर राउटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो टाका, आम्ही सांगतो.

व्हॉट्सॲपवर कळवताना कोडचा स्क्रीनशॉट, कोणता नंबर लावला आणि किती वाजता, एवढं द्या, वेळ नक्की द्या कारण त्यावरूनच आम्ही लॉगमध्ये (सर्व्हरवरच्या कॉलच्या नोंदींत) तो कॉल काढतो, "सकाळी कधीतरी" म्हटलं तर शेकडो कॉल चाळावे लागतात. पासवर्ड मात्र ग्रुपवर टाकू नका, आम्हाला तो लागत नाही.