भिडस्तपणा

समोरच्याचे मन मोडू नये म्हणून आपल्याला नको असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा पत्करण्याची सवय म्हणजे भिडस्तपणा. हिंदीत 'भीड' म्हणजे गर्दी. मराठीत तिचा रोजचा अर्थ संकोच, मुर्वत. भीड पडते, मोडवत नाही, कधीतरी चेपते, आणि ती घातलीही जाते. 'भीड घालणे' हा प्रयोग महत्त्वाचा आहे, कारण त्यात दोन माणसे दिसतात: आपले वजन वापरणारा आणि त्या वजनाखाली 'हो' म्हणणारा. भिडस्त माणसाच्या स्वभावाची चर्चा होते तेव्हा यातला पहिला माणूस बहुधा विसरला जातो.

'भीड भिकेची बहीण' ही म्हण शब्दशः खरी ठरते ती जामिनकीत. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार हवा असतो. मेहुणा किंवा कामावरचा सहकारी 'नुसती सही तर करायचीय' म्हणत कागद पुढे करतो. ती सही नुसती नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग संपवून मगच जामीनदाराकडे या, असे बंधन सावकारावर किंवा बँकेवर नाही. भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क कलम १४५ देते. पण ज्याला सही नाकारता आली नाही, तो त्याच मेहुण्यावर दावा कसा लावणार? म्हणून नकाराची खरी वेळ सहीच्या आधीचीच. सगळे कर्ज आपल्यावर आले तर झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर नात्याची भीड त्यात आणू नये.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत या सवयीचे मूळ एका हट्टात शोधले आहे: आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला पसंत केलेच पाहिजे. मराठीत हा हट्ट त्या एका 'च'मध्ये मावतो. 'पसंत केले तर बरे वाटेल' ही इच्छा झाली, आणि तिच्यासह नकार देता येतो. 'केलेच पाहिजे' म्हटले की प्रत्येक नाराजी हे संकट होते. मुंबईचे कि. मो. फडके यांनी हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला.

साल्वादोर मिनुचिन या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी घरातल्या माणसांमधल्या सीमांचा विचार केला. काही घरांत त्या इतक्या पुसट असतात की एकाचा निर्णय सगळ्यांचा होतो. काही घरांत इतक्या कडक, की कुणाचे दुखणे कुणाला कळत नाही. स्पष्ट सीमा या दोन्हींच्या मधली. सीमा आखणे म्हणजे नाते तोडणे नव्हे, हे त्यातून नीट कळते. आपल्याकडे ही आखणी सगळ्यांना सारखी सोपी नसते: जावयाचा नकार मान ठरतो, सुनेचा तोच नकार उद्धटपणा. हा दोष सुनेच्या स्वभावाचा नाही.

नकार चुकतो तो बहुतेकदा शब्दांत. 'बघू', 'जमलं तर कळवतो' यांतून समोरच्याला होकाराची आशा राहते, आणि तो दुसऱ्यांदा भीड घालतो. 'मी करणार नाही' हे तोडून टाकल्यासारखे वाटते. 'मला जमणार नाही' मऊ असूनही पुरते स्पष्ट आहे. त्यापुढे कारणांची रांग लावू नये. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोडगा असतो. 'शनिवारी पाहुणे आहेत' म्हटले की 'मग रविवारी या' हे आलेच. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात. सुरुवात लहान गोष्टीपासून करावी, उदाहरणार्थ पंगतीत नको असलेल्या तिसऱ्या जिलबीपासून.

जिथे नकाराचे उत्तर मारहाणीने मिळते, तिथले गप्प राहणे मात्र भिडस्तपणा नव्हे. तो जीव वाचवण्याचा मार्ग असतो. तिथे ठामपणाचे सल्ले धोक्याचे ठरू शकतात. अशा स्त्रियांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि १८१ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे.